एका डोळ्यासमोरची रांग

मी मूळची घाबरट. गॅस बंद केलाय ना, हे बघायला जिन्यातून माघारी येणाऱ्या बायका असतात, त्यांतली मी. फरक इतकाच की मी दोनदा माघारी येते. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणी विभागात एकतीस वर्षं काढली ती या घाबरटपणाच्या जोरावरच. तिथे माल बाहेर पडण्याआधी त्याचा नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, दोघांनी वेगवेगळे तपासायचे, एकमेकांच्या वहीत डोकावायचं नाही, आणि दोघांचे आकडे जुळले तरच मी सही करायची. माझ्या सहीचा माल कधी परत आला नाही. हे मी अभिमानाने सांगते, आणि तो परत येईल या धास्तीने किती दिवस जेवण गोड लागलं नाही तेही सांगते.

निवृत्त झाल्यावर बदलापूरच्या घरात बसून करायचं काय, म्हणून मोडी लिपीच्या वर्गाला गेले आणि तिथून या बिनपगारी कामात ओढली गेले. आमचा गट जुन्या वह्या वाचतो. गावोगावची जन्ममृत्यूची बाडं, कुणाच्या माळ्यावर निघालेले कुळांचे कागद, असलं सगळं. पानांचे फोटो काढून एका ठिकाणी ठेवलेले असतात. वाचणाऱ्याने घरी बसून पान उघडायचं आणि जुन्या अक्षरातली नावं आजच्या अक्षरात उतरवायची. पुढे कुणी आपला पणजोबा शोधत आला, तर त्याला तो सापडावा, एवढाच उद्देश. ‘मेलेल्या माणसांची हजेरी घेते ही,’ असं आमचे हे म्हणतात.

मी गटात गेले आणि कारखान्यातला नियम सोबत नेला. प्रत्येक पान दोघांना द्यायचं. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. दोन्ही वाचनं ताडून बघायची ती मी. जुळली तर नोंद पक्की, नाही तर पुन्हा वाचन. सुरुवातीला लोक कुरकुरले, कारण काम दुप्पट होतं. पण चुकीचं नाव एकदा पक्कं झालं की कुणाच्या तरी घरात ते आजोबा म्हणून भिंतीवर लागतं, आणि मग ते कुणी काढू शकत नाही. मला त्याची भीती वाटते, अजून वाटते.

बाकीचे नियम अनुभवाने आले. अंबरनाथ पश्चिमेला राहणारे एक काका होते. त्यांनी स्वतःच्या, बायकोच्या, मुलाच्या आणि मेहुण्याच्या नावावर मिळून ऐंशी पानं उचलली आणि तीन महिने धरून ठेवली. पान दोघांच्या नावावर लागलं की तिसऱ्याला उघडत नाही, त्यामुळे एका अख्ख्या गावाचं काम अडलं. मी फोन केला.

“ताई, ती आमच्याच गावाची पानं आहेत,” काका म्हणाले. “दुसऱ्याने कशाला हात लावायचा?”

“काका, गाव तुमचं असेल. पण तुमच्या गावातून दिलेल्या मुलींची नातवंडं दुसऱ्या गावात बसून वाट बघताहेत, त्यांनी काय करायचं?”

“वाचणारच होतो हो. डोळ्याचं ऑपरेशन झालं की.”

तेव्हापासून एका वेळी वीस पानं आणि दहा दिवस, असं ठरलं. दुसरे एक गृहस्थ, त्यांनी आपल्या पणजोबांच्या नावापुढचं ‘गुराखी’ हे ‘कारभारी’ असं वाचलं. दुसऱ्या वाचकाने गुराखी वाचलं होतं, मी पाहिलं तर गुराखीच होतं. गृहस्थ खोटारडे नव्हते. त्यांना खरोखरच कारभारी दिसलं होतं. माणूस आपल्या घराच्या पानावर जे दिसायला हवं तेच बघतो. म्हणून तिसरा नियम केला: आपल्या घराचं पान आपण वाचायचं नाही, आणि आपलं पान आधी काढून मागायचं नाही. वह्या ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने जायच्या. पुढे जे झालं त्यात या सगळ्या नियमांचा हात आहे, म्हणून ते आधी सांगून टाकले.

दोन वर्षांपूर्वी उल्हासनगरहून चौदा वह्या आल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथल्या लष्करी बराकींत उतरली, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यातल्या एका मुखींनी, म्हणजे पंचायतीच्या प्रमुखांनी, आपल्या भागातल्या बराकींची नोंद ठेवली होती. बराकीचा नंबर, खोलीचा नंबर, नाव, वडिलांचं नाव, सिंधमधलं गाव, वय. पुढे कोण जन्मलं, कोण गेलं तेही. सगळं त्यांच्या जुन्या, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत. वह्या आणून देणाऱ्या, मुखींच्या नातवालाच त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. उल्हासनगरची आजची पिढी सिंधी बोलते, पण वाचायचं असेल तर हिंदी वाचते.

तरी बारा जण पुढे आले. सहा आठवड्यांचा वर्ग लावून त्यांनी ती लिपी शिकून घेतली. छापील मजकूर त्यांना यायला लागला. पण मुखींचं अक्षर घाईचं होतं, वह्यांना ओल लागलेली होती, आणि अक्षराअक्षरांत फरक करणारी टिंबं जिथे द्यायची तिथे मुखींनी बऱ्याचदा दिलीच नव्हती. पानातल्या दहा ओळी सरळ वाचता यायच्या आणि दोन अडायच्या. त्या अडलेल्या ओळी वाचू शकेल असा आमच्या ओळखीत एकच माणूस होता, परसराम मास्तर. सिंधी शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं, आणि लहानपणी अक्षरं गिरवली ती खुद्द मुखींच्या हाताखाली. मुखींचा हात त्यांना पाठ होता.

मास्तर ब्याऐंशी वर्षांचे. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये मुलगा-सुनेबरोबर राहतात. काचबिंदूने त्यांचा एक डोळा आधीच गेलेला होता आणि दुसरा चालला होता. सकाळी खिडकीशी उजेडात बसले की तासभर अक्षर दिसायचं, मग ओळी एकमेकींत मिसळायच्या. मी त्यांच्या डॉक्टरांना जाऊन भेटले, कारण मला भीती होती की आपण म्हाताऱ्या माणसाचा डोळा आपल्या हौसेसाठी संपवतोय. डॉक्टर म्हणाले, “वाचल्यामुळे डोळा जाणार नाही. पण तो जायचा थांबणारही नाही. त्यांना जे वाचायचंय ते आता वाचू दे.”

आता, हे वाक्य ऐकून दुसरी एखादी बाई निश्चिंत झाली असती. मी घरी येईपर्यंत रिक्षातच हिशेब करायला लागले. पानं संपत नाहीत, परत उघडता येतात. मास्तरांचा रोजचा तास एकदा गेला की गेला. बारा वाचक, चौदा वह्या, असंख्य घरं, आणि सगळ्यांमध्ये मिळून एक डोळा. तो नीट वाटून वापरायची जबाबदारी माझ्यावर होती.

मी पद्धत बसवली. वाचकाने अडलेली ओळ मोठी करून, कोपऱ्यात पानाचा आणि ओळीचा नंबर टाकून, मास्तरांच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला छापायला पाठवायची. एकेकाने दिवसाला तीनच. मास्तरांची सून कविता सकाळी दूध आणायला जाताना त्या चिठ्ठ्या घेऊन येणार. मास्तर प्रत्येक चिठ्ठीखाली हिंदी अक्षरात उत्तर लिहिणार, कविता त्याचा फोटो त्या त्या वाचकाला धाडणार. मी मध्ये कुठेच नव्हते. कोण कुठे अडला हे ताडून बघणाऱ्याला आधी कळलं तर मन कलतं, म्हणून मी स्वतःला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. ही पद्धत मला फार आवडली होती. चार जणांना मी ती कौतुकाने सांगितलीही होती.

पहिल्याच भेटीत मास्तरांनी त्यांची गोष्ट सांगितली. ते मला अदी म्हणतात, म्हणजे ताई.

“अदी, मैं पाँच साल का था. माँ, मैं और छोटी बहन. उसको हम नंढी बुलाते थे. नंढी मतलब छोटी. यहाँ बैरक में बुखार आया और गई. दो साल की थी.” मग थांबून म्हणाले, “उसका असली नाम मुझे मालूम नहीं. माँ ने फिर कभी लिया नहीं. मैंने पूछा तो चूल्हे के पास से उठ जाती थी. अब माँ भी नहीं, कोई नहीं. मुखी ने लिखा होगा. वो सब लिखता था.”

“तुमची बराक कुठल्या वहीत येते?”

“बारहवीं में.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मग ते पान आधी घेऊया का?”

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी क्षणात चौथीच्या वर्गात जाऊन बसले. “तुमने नियम बनाया ना? अपना पन्ना खुद नहीं पढना, पहले नहीं माँगना. मुझे अच्छा लगा वो नियम. सबका नंबर बारी से. मेरा भी.”

ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. वह्यांची बातमी पसरल्यावर त्यांच्या दाराशी लोक येऊ लागले. एका कापडवाल्याला मुलाच्या लग्नपत्रिकेवर पणजोबांचं नाव आणि सिंधमधलं गाव छापायचं होतं. तो मिठाईचा पुडा घेऊन आला तेव्हा मी तिथेच होते.

“मास्टरजी, एक ही पन्ना है. पाँच मिनट का काम.”

“तेरी दुकान में ग्राहक लाइन तोडे तो क्या बोलता है?”

“मास्टरजी, शादी है.”

“लाइन में सबके घर कुछ ना कुछ है,” मास्तर म्हणाले. मिठाई ठेवून घेतली मात्र, आणि त्यातली चार मला बांधून दिली.

काम चालू राहिलं. पहिली वही, दुसरी, तिसरी. कविताचा फोन आला की मी आधी देवाकडे बघायचे. ‘आज बाबा को कम दिखा’, ‘आज अच्छा था’, असे तिचे निरोप असायचे. मी वहीत तारखा मांडून हिशेब करत होते, रोज किती ओळी होतात, किती शिल्लक आहेत, महिने किती लागतील. हिशेब जमत नव्हता. ओळी फार हळू सरकत होत्या. बारा वाचक प्रामाणिकपणे रोज तीनच पाठवत होते, मास्तर रोज तासभर बसत होते, आणि तरी वही संपता संपत नव्हती. मला वाटायचं, अक्षरच अवघड आहे.

सातवी वही चालू असताना मी सहज भेटायला गेले. मास्तर खुशीत होते. खाटेखालून त्यांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी नीट गठ्ठे करून ठेवल्या होत्या.

“अदी, तुम्हारी परीक्षा में मैं कभी फेल नहीं हुआ. देख लो.”

“कसली परीक्षा?”

ते हसले. “मास्टर को मास्टरी मत सिखाओ. हर लाइन दो बार भेजती हो. कभी दूसरे दिन, कभी आठ दिन बाद. देखने के लिए कि बुड्ढा दोनों बार एक ही पढता है या नहीं. मैंने हर बार पूरा पढा, नए सिरे से. पहला जवाब देख के नहीं लिखा. चाहो तो मिला लो.”

मी एक गठ्ठा हातात घेतला. कोपऱ्यात तोच पानाचा नंबर, तोच ओळीचा नंबर. दोन चिठ्ठ्या, दोन वेगवेगळ्या तारखा, खाली मास्तरांचं तेच वळणदार उत्तर. दुसरा गठ्ठा, तेच. मी तिसरा सोडला, चौथा सोडला, सगळीकडे तेच.

मी कुणालाही परीक्षा घ्यायला सांगितलं नव्हतं. प्रत्येक पान दोघांकडे जात होतं, माझ्या नियमाने. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, माझ्याच नियमाने. जी ओळ एकाला अडते ती बहुतेक वेळा दुसऱ्यालाही अडते. मग एकच ओळ दोन चिठ्ठ्या होऊन मास्तरांपुढे यायची, आणि मी स्वतःला बाहेर ठेवलेलं असल्यामुळे ते दिसायला मी तिथे नव्हते. सात महिने त्यांचा जवळजवळ निम्मा उजेड मी फुकट घालवला होता. कारखान्यात नमुन्याचे दोन भाग करताना माल कधी कमी पडला नाही, म्हणून मला हे सुचलंच नाही. इथे माल म्हणजे एका माणसाची नजर होती.

मी मास्तरांना काही बोलले नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. ते इतके आनंदात होते की माझी जीभ उचलली नाही. “सगळं जुळतंय, मास्तर,” एवढंच म्हटलं. कविता मला सोडायला खाली आली तेव्हा तिला जिन्यातच सांगितलं की त्याच नंबरची दुसरी चिठ्ठी आली तर बाजूला काढायची, पहिल्याच उत्तराचा फोटो दोघांना पाठवायचा.

ती हुशार मुलगी, लगेच समजली. “आंटी, मतलब इतने दिन बाबा ने डबल...”

“हो.”

“उनको बोलूँ?”

“मी सांगेन,” म्हटलं.

त्यानंतर काम दुप्पट वेगाने पळायला लागलं. मास्तर म्हणायचे, परीक्षा संपली वाटतं. मी फोनवर हसायचे आणि फोन ठेवल्यावर कपाटाची कडी धरून उभी राहायचे. आठवी वही झाली. नववी झाली. बारावीला आणखी तीन महिने लागतील असा माझा हिशेब होता, आणि जमून जाईल अशी आशाही वाटू लागली होती. जमलं तर सांगायची गरजच पडणार नाही, असं मी स्वतःला समजावत होते.

मग एका सकाळी कविताचा फोन आला. “आंटी, बाबा खिडकी के पास बैठे हैं. बोल रहे हैं, खिडकी खोलो. खिडकी खुली है.”

डॉक्टरांकडे नेलं, थेंब बदलले, काही उपयोग झाला नाही. उजेड-अंधार एवढं कळत होतं, अक्षर नाही.

वाचकांनी उरलेल्या वह्या थांबवल्या नाहीत. सरळ ओळी होत गेल्या, अडलेल्या ओळी मागे साचत गेल्या. बारावी वही आली. मास्तरांच्या घराचं पान दोघांनी वाचलं आणि ते माझ्यापुढे आलं. आईची ओळ जुळत होती. मास्तरांची स्वतःची ओळ, वय पाच, जुळत होती. तिसऱ्या ओळीवर दोघांनीही शंका अशी खूण केली होती. ओळीच्या टोकाला दोघांनाही वय तेवढं लागलं होतं: दोन.

सांगायला जाणं भाग होतं. त्या दिवशी मी बदलापूरहून निघाले ती रिक्षात बसेपर्यंत परत फिरायची कारणं शोधत होते. मास्तर खाटेवर बसले होते, हात मांडीवर. मी पानाचं सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून एका दमात सांगितलं.

 त्यांनी विचारलं, “कितना?”

“जवळजवळ निम्मं.”

“परीक्षा नहीं थी?”

“नव्हती.”

“मैं रोज तैयारी करके बैठता था,” ते म्हणाले. “नहा के. चश्मा पोंछ के. कि अदी के सामने गलती ना हो.”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला समजलं नाही. कविताने चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. मी उठले तेव्हा म्हणाले, “अब जाओ.” इतकंच. मी त्यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, सासूसासऱ्यांची, साहेबांची बोलणी खाल्लेली बाई, पण त्या दोन शब्दांनी जिन्यात मला बसावं लागलं.

पंधरा दिवस मी फोन केला नाही. सोळाव्या दिवशी कवितानेच केला आणि ताबडतोब या म्हणाली. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. गेले, तर ती शिलाई मशीनपाशी बसली होती. कविता घरी बसून जीन्सच्या मागच्या खिशांवर नक्षी टाकायचं काम करते. उल्हासनगरात गल्लोगल्ली ते काम चालतं. तिच्या हातात जीन्सच्या कापडाची एक लांब पट्टी होती आणि तिच्यावर जाड पिवळ्या धाग्याने अक्षरं उठून आली होती, एकेक वीतभर.

“आंटी, मैंने चिठ्ठी का प्रिंट बडा किया, कार्बन से कपडे पे उतारा, ऊपर से सिलाई मारी. जहाँ स्याही पक्की है वहाँ मशीन. जहाँ शक है वहाँ हाथ से कच्चा धागा. मुझे तो पढना आता नहीं, जैसा दिखा वैसा सिया.”

मास्तरांनी पट्टी मांडीवर घेतली होती. उजवीकडून बोट फिरवत होते, थांबत होते, मागे जात होते. दहा मिनिटांनी त्यांनी एक नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ती दहाव्या वहीतली, साचलेल्यांतली पहिली ओळ होती. मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले, “अदी, लिखो. और इस बार एक ही बार भेजना.”

मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

एक पट्टी शिवायला कविताला अर्धा दिवस लागतो, तिचं स्वतःचं काम सांभाळून. रोज एक पट्टी. मास्तरांची जुनी उत्तरं पुढ्यात ठेवून वाचकांनी बऱ्याच ओळी सोडवल्या होत्या; तोवर साचलेल्या, कुणालाच न सुटलेल्या ओळी मोजल्या तेव्हा एकसष्ट होत्या, आणि मास्तरांच्या बहिणीची ओळ क्रमाने चौपन्नावी येत होती. आपल्या घराचं आपण वाचायचं नाही हा नियम तिथे मोडावाच लागणार होता, दुसरं वाचणारं कुणी नव्हतंच. मी मास्तरांना स्पष्ट विचारलं, यातली एक आधी घेऊ का. त्यांनी विषयच बदलला. मधल्या काळात त्यांना छातीचा त्रास झाला. चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते निम्मे होऊन आले. बोट फिरवताना हात थरथरतो, मध्येच डोळा लागतो, उठले की पुन्हा उजव्या टोकापासून सुरुवात करतात. मी त्या खाटेशेजारी बसून दिवस मोजायचे आणि मला काही सुचेनासं व्हायचं. एकतीस वर्षं भीती वाटली ती मालाची वाटली. ही वेगळी होती. 

तेरावी पट्टी व्हायची होती तेव्हा मी कविताला म्हटलं, उद्या चौपन्नावी शिव. आयुष्यात पहिल्यांदा मी नमुना बदलत होते. त्यांना दिसत नाही, कुठली ओळ आहे ते वाचेपर्यंत कळणार नाही, आणि वाचून झाल्यावर चिडले तर चिडले, नाव तर कळलेलं असेल, असा माझा विचार.  कविताने ती पट्टी इतर पट्ट्यांपेक्षा सावकाश शिवली, दोनदा उसवून पुन्हा शिवली.

दुसऱ्या दिवशी मी ती मास्तरांच्या मांडीवर ठेवली.  मास्तरांनी उजवं टोक शोधलं. प्रत्येक ओळ बराकीच्या नंबराने सुरू होते, हे मी विसरले नव्हते, पण एवढ्यात ते लक्षात येणार नाही असं धरून चालले होते. त्यांचं बोट पहिल्या आकड्यावरून गेलं, दुसऱ्यावरून गेलं. मग खोलीच्या नंबरावर आलं आणि थांबलं.

लग्न होईपर्यंत ते त्याच खोलीत राहिले होते.

बोट तिथेच होतं. पुढचं अक्षर त्यापासून दोन बोटांवर होतं. कविता मशीन सोडून दारात येऊन उभी राहिली. मी मनात म्हणत होते, जा पुढे, मास्तर, जा. त्यांचे ओठ हलले. बोट किंचित पुढे सरकलं, धाग्याच्या कडेला लागलं, आणि त्यांनी हात उचलला.

पट्टीची त्यांनी हळूहळू घडी केली, टोकं जुळवून, आणि माझ्याकडे धरली.

“यह मेरी बारी नहीं है, अदी,” ते म्हणाले. “तेरह नंबर दो.”

आज सकाळी अडतिसावी पट्टी वाचून झाली. मास्तरांना कालपासून पुन्हा ताप आहे. चौपन्नाव्या ओळीची घडी माझ्या कपाटात, साड्यांच्या वर आहे. दुपारी घरात कुणी नसलं की मी ती उलगडते आणि खोलीच्या नंबरापुढच्या त्या उंच पिवळ्या टाक्यांवरून बोट फिरवते. नाव तिथेच आहे, बोटाखाली लागतं, आणि मला ते वाचता येत नाही.